नाव छापलं नाही

९ जानेवारी

प्रिय ताई,

‘फोनवर तू मधेच “थांब हं, दुसरा फोन येतोय” म्हणतेस, त्यापेक्षा पत्र लिही, कागद तरी मधेच उठून जात नाही,’ असं तू सुनावलंस. लागलं मला ते. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत बसलेय. तसा दुसरा फोन येण्याचा प्रश्नच नाही म्हणा. हल्ली मीच सगळ्यांना करते, मला कोणी करत नाही.

तू सगळ्यांना सांगतेस की आमचं शेंडेफळ पेपरात लिहितं. नाही गं बाई. मी पेपरात लिहिणाऱ्यांच्या मागे लागते, हे माझं काम. आमचं केंद्र फिरत्या गाडीतून लोकांचे कान तपासतं, ऐकायची मशीनं देतं. ही बातमी आहे असं आम्हाला वाटतं आणि वार्ताहरांना वाटत नाही, एवढाच काय तो मतभेद. तीन महिन्यांत एकतीस जणांना लिहिलं. आठ जण म्हणाले ‘बघतो’. चौघे म्हणाले ‘ही बातमी नाही, जाहिरात आहे’. बाकीच्या एकोणीस जणांनी उत्तरच दिलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट. नाही म्हटलं की माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. काहीच न म्हणणाऱ्याचं काय करायचं? दर दहा मिनिटांनी मेलची पेटी उघडून बघते. रिसेप्शनवाली आणि मी पैज लावतो, आज नकार कुठल्या शब्दांत येणार. ‘विषय चांगला आहे, पण’ यावर मी तीनदा जिंकले.

मोठ्या पेपरात आरोग्याचं पान बघणाऱ्या एक बाई आहेत. आम्ही त्यांना आरोग्यबाईच म्हणतो. त्यांनी निदान फोन उचलला. म्हणाल्या, ‘आकडे नकोत. माणूस आणा. बहिरेपण लपवून जगणारा माणूस.’ आता लपवणारा माणूस पेपरात कशाला येईल, हे त्यांनाच ठाऊक. मार्चअखेर आम्हाला पैसे देणाऱ्यांची बैठक आहे. त्याआधी मोठ्या पेपरात लेख आला नाही तर गाडी बंद, असं संचालकबाईंनी सांगून टाकलंय. गाडी बंद म्हणजे मीही बंद. या वयात तिसरी नोकरी शोधायची ताकद नाही गं माझ्यात.

भावोजी कसे आहेत? परवा फोन त्यांनी घेतला. मी विचारलं, ‘तब्येत काय म्हणते?’ तर म्हणाले, ‘हो हो, पोचलं.’ काय पोचलं, देव जाणे. मी हसत सुटले.

तुझी,
शेंडेफळ

१८ जानेवारी

चि. शेंडेफळास,

तुझं पत्र पोचलं. हे मी म्हणतेय, तुझे भावोजी नव्हेत.

एकतीस जणांनी नाही म्हटलं म्हणून एवढी रडारड? मी पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. एका बाईने एकच कोट चार वेळा परत आणला. बाही लांब, बाही आखूड, बाही फुगते, आणि चौथ्यांदा म्हणाली, ‘रंगच आवडत नाही.’ अगं, कापड तुझं, रंगही तुझाच! मी काय केलं? कोट घेतला, उसवला, तसाच शिवला आणि परत दिला. खूश झाली. लोकांना नाही म्हणायची हौस असते, तुझ्याशी त्याचा काही संबंध नसतो. तेव्हा रडणं बंद कर आणि वेळेवर जेव.

आता दुसरं. हे वाच आणि पत्र फाडून टाक. तू हसलीस ना, म्हणून लिहितेय. ह्यांना ऐकू येत नाही. थोडंसं नाही, जवळजवळ नाहीच. डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजवा दोन वर्षांत खंगला. बंदरावर कोणालाच माहीत नाही. वर क्रेनच्या केबिनमध्ये वायरलेस असतो, त्यावर हे म्हणतात, ‘याची किरकिर फार, हाताने इशारे करा.’ जुने जाणते म्हणून खालचे ऐकतात. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. कळलं तर उद्या क्रेनवरून उतरवतील, फाटकावर वही घेऊन बसवतील किंवा घरीच पाठवतील, आणि हे घरसुद्धा कंपनीचंच आहे. पण घराचं ह्यांना काही नाही. मला म्हणाले, ‘खाली बसून आलेल्या-गेलेल्यांची नावं लिहिण्यापेक्षा मी मेलेलो बरा.’

खाली माणसं उभी असतात, मला कळत नाही असं नाही. रोज भोंगा वाजून हे घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. पण सांगणार कोणाला? तुलाच सांगितलं. या कानाची त्या कानाला खबर लागू देऊ नकोस.

ताई

३० जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कान तपासणाऱ्या केंद्रात नोकरी करते आणि माझ्याच घरातला माणूस मला ओळखता आला नाही. वर हसले! भावोजींना इकडे आण ना. गुपचूप तपासू, मशीन देऊ, कोणाला कळायचं नाही.

मला जरा नीट लिही. ते सकाळी उठतात कसे? गजर तर ऐकू येत नसेल. तू त्यांना हाक कशी मारतेस? चार माणसांत कसं निभावतात? आमच्या डॉक्टरांना विचारायचं आहे, म्हणून बारीकसारीक सगळं लिही. लेकीला सांगितलंस का?

इकडे थोडी आशा आहे. आरोग्यबाईंना हवा होता तसा एक माणूस मिळालाय. ओळख गुप्त ठेवायचं कबूल केलंय, म्हणून तुलाही सांगत नाही. बाई चक्क माझ्याशी वीस मिनिटं बोलल्या, आणि शेवटी ‘तुमच्याकडे नजर आहे’ असं म्हणाल्या. ताई, तीन महिन्यांत मला कोणी काही बरं बोललेलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी चालत गेले, बससुद्धा पकडली नाही.

तुझी,
शेंडेफळ

८ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,

तू विचारलंस आणि मला रडू आलं. चार वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं गं. विचारणार कसं, कोणाला माहीतच नाही.

ऐक तर. गजराचं घड्याळ उशीखाली ठेवतात, थरथरलं की उठतात. मी हाक मारत नाही, जमिनीवर पाय आपटते. आमची जमीन लाकडी आहे, त्यांच्या तळव्यांना कळतं. खालच्या मजल्यावर दाढीवाले राहतात, ह्यांचे जोडीदार, चार नंबरची क्रेन चालवतात. त्यांची बायको म्हणते, ‘वहिनी, तुमचं रोज भांडण होतं का हो?’ मी म्हणते, हो, होतं. टेबलावर हे कोपऱ्यातली खुर्ची धरतात, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतात. माझे ओठ बघून त्यांना सगळं कळतं, इतरांचं निम्मं. विनोद झाला की आधी बाकीचे हसतात, मग हे. एवढासा उशीर होतो, पण मला तो दिसतो. आता आम्ही पाहुणे बोलावणंच सोडलं.

लेकीचं विचारू नकोस. ती रविवारी फोन करते. पडद्यावर तिचं नाव दिसलं की हे उचलतात, ‘आईला देतो’ म्हणतात आणि माझ्या हातात देतात. तिला वाटतं बापाला तिच्याशी बोलायचंच नसतं. मागच्या महिन्यात म्हणाली, ‘आई, मी त्यांचं काय बिघडवलंय?’ मी म्हटलं, दमलेले असतात. फोन ठेवल्यावर हे मला विचारतात, ‘काय म्हणाली? आवाज कसा होता?’ आवाज कसा होता, ते मी ह्यांना कसं सांगू?

तपासायला यायचं नाही म्हणतात. रजेचा अर्ज केला की कारण विचारतात. चौदाचे तेरा महिने झाले, तेवढे जाऊ देत.

तुला माणूस मिळाला हे बरं झालं. पण त्याला सांभाळ हो. भडाभडा बोलून मोकळा झालेला माणूस नंतर पस्तावतो.

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. येत्या रविवारचा पेपर घेऊ नका. कोणी आणून दिला तर आरोग्याचं पान काढून ठेव, भावोजींच्या हाती लागू देऊ नकोस.

तो माणूस भावोजी आहेत.

नाव दिलेलं नाही, गाव नाही, बंदराचं नाव नाही. ‘एका बंदरातले एक क्रेनचालक’ एवढंच आहे. पण बाकी सगळं आहे. पाय आपटणं, घड्याळ, लेकीचा फोन. मी तुझी पत्रं दाखवली नाहीत, शप्पथ. तोंडी सांगितलं. तू म्हणालीस फाड, ते पहिलं पत्र मी फाडलंसुद्धा. पण तोवर ते मला पाठ झालं होतं.

कसं झालं ते सांगते, मग तू हव्या तेवढ्या शिव्या दे. बाईंनी फोनवर विचारलं, ‘तुमच्या माहितीत असा कोणी आहे का? त्याची तयारी आहे का?’ आमच्या धंद्यात एक रीतच आहे. आधी ‘हो, तयार आहेत’ म्हणायचं आणि मग धावत जाऊन माणूस तयार करायचा. नाही म्हटलं, विचारून सांगते म्हटलं, तर समोरचा दुसऱ्याकडे जातो. पहिल्याच आठवड्यात संचालकबाईंनी मला हे शिकवलं. दर वेळी मी तसंच करते आणि दर वेळी निभावतं. या वेळीही तोंडून ‘हो’ निघून गेलं. तुला विचारणारच होते. मग तुझं पत्र आलं, आणि ते इतकं भरभरून होतं की विचारायचं राहूनच गेलं. हे खोटं आहे. राहून नाही गेलं. तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं, आणि आणखी एक नाही ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती.

लेख तीनदा पुढे ढकलला गेला. कधी निवडणूक आली, कधी कुठल्यातरी खेळाडूचं लग्न. दर वेळी वाटायचं, सुटले बाई, आणि दर वेळी रडूही यायचं. काल मी फोन उचलला, बाईंना सांगायचं होतं, छापू नका. बाईंनी ‘बोला’ म्हटलं, आणि मी विचारलं, कितव्या पानावर येतंय?

तुझी

५ मार्च

तुझं पत्र मंगळवारी आलं. पेपर रविवारीच आला होता. बातम्या पोचवायचं काम करतेस ना तू?

केसाने गळा कापलास माझा. नाव छापलं नाही म्हणे! अगं, नावाने कोण ओळखतं माणसाला? सकाळी साडेआठला लेकीचा फोन, हमसून हमसून रडत होती. ‘आई, हे बाबाच ना? आईला देतो असं म्हणणारे?’ चार वर्षं जी गोष्ट मी पोटच्या पोरीला सांगितली नाही, ती तिला पेपरात वाचावी लागली. तिला काय सांगू? मावशीला विचार म्हणून सांगू?

आणि ह्यांचं सांगू? पेपर दाढीवाल्यांनीच वर आणून दिला. ह्यांनी सगळा वाचला, दोनदा वाचला. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते. आत आले, घडी करून पेपर माझ्यापुढे धरला, आणि तुला सांगते, चेहरा उजळला होता त्यांचा. म्हणाले, ‘बघ, मी एकटाच नाही. आणखी कुठल्यातरी बंदरात आहे एक. त्याचीही बायको पाय आपटते.’ ह्यांना वाटलं, सगळ्याच घरांत असंच असतं! अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी मान हलवली आणि म्हटलं, असेल बाई.

बुधवारी बंदरावर नोटीस लागली. साहेबांच्या बायकोने लेख वाचला म्हणे. अकराही क्रेनचालकांचे कान वीस तारखेला तपासणार, आणि तपासायला गाडी कोणाची येतेय, ठाऊक आहे ना? तुमचीच! अभिनंदन.

मला तुझी माफी नको, तिचं मी काय करू. तू आत ढकललंस, आता तूच बाहेर काढ. ह्यांना त्या तपासणीतून पास करून दे. कसं ते तू बघ.

११ मार्च

ताई,

करते. कसं ते लिहिते, नीट वाच आणि भावोजींना समजाव. त्यांना सांग की तुला कोणा जुन्या रुग्णाने सांगितलं.

गाडीत एक खोक्यासारखी बंद खोली आहे, तिला काचेची खिडकी आहे. कानाला यंत्र लावून आत बसवतात. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. खरं तर माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवायचं असतं, पण जागा अरुंद आहे, म्हणून आमचा तपासनीस स्टूल तिरकं ठेवतो. मी आणखी थोडं तिरकं ठेवायला लावेन. आवाज सोडताना त्याचा डावा खांदा वर जातो. दर वेळी जातो, मी शंभरदा पाहिलंय. खांदा हलला की बटण. पण प्रत्येक वेळी दाबायचं नाही. शेवटचे चार-पाच बारीक आवाज सोडून द्यायचे, त्या वयात तेवढे कोणालाच ऐकू येत नाहीत. सगळे आले तर संशय येईल.

हे मी काय लिहितेय, मला कळतंय. ज्याला ऐकू येत नाही त्याला माणसांच्या डोक्यावर लोखंड फिरवायला मीच पाठवतेय. याचं पाप तुझं नाही, माझं.

इथे सोमवारी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. बारा पत्रकारांचे फोन आले. कोणाचे माहितेय? त्या उत्तर न देणाऱ्या एकोणिसांतले बारा. एक जण म्हणाला, ‘आमच्याकडे आधी का नाही आलात?’ मी म्हटलं, चुकलंच. रिसेप्शनवाली हसली, मला हसू आलं नाही. हा फोन वाजावा म्हणून मी काय काय केलं, आणि आता वाजला की मी तो पालथा घालून ठेवते.

तुझी

२४ मार्च

ह्यांची तपासणी पार पडली. पास.

तुझा तो खांदा हलत होता म्हणे. हे घरी येऊन म्हणाले, ‘परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटलं,’ आणि जेवले नाहीत.

दाढीवाले नापास झाले. त्यांचेही कान गेलेले होते, आणि आम्हाला पत्ता नाही! एकाच जिन्यावर दोन घरं एकमेकांपासून तेच लपवत होती. अकरांत तो एकच नापास, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की लेखातला माणूस तोच. वडाची साल पिंपळाला. मुकादम म्हणाला, ‘पेपरवाल्यांना सांगता येतं, आम्हाला नाही?’ नापास झाला म्हणून कोणाला राग नाही, पेपरात गेला म्हणून आहे. अकरा जणांना त्याच्यामुळे तपासणीला बसावं लागलं ना. त्याच्याशी कोणी बोलत नाही.

त्याची बायको वर आली होती. म्हणाली, ‘वहिनी, देवाशपथ ह्यांनी कोणाला सांगितलं नाही. आणि मी तर कधी पाय आपटत नाही, पाय तर तुम्ही…’ आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पाणी दिलं. तिने घेतलं नाही, खाली निघून गेली.

एक तारखेला घर रिकामं करायचंय त्यांना.

ताई

२६ एप्रिल

प्रिय ताई,

महिना झाला तुझं पत्र नाही. दोनदा फोन केला, वाजून वाजून बंद पडला. लेकीला केला तर तिने कापला.

पैशांची बैठक झाली. गाडी चालू राहणार, दुसरीही घेणार आहेत. मला कायम केलं. हे तुला सांगावं की नाही, कळत नव्हतं. सांगितलं नाही तर पुन्हा लपवलं म्हणशील, म्हणून सांगतेय. संचालकबाईंनी तो लेख चौकटीत घालून दारातच लावलाय. मी मागच्या जिन्याने येते.

आरोग्यबाईंचा फोन आला होता. त्यांना लेखाचा पुढचा भाग करायचाय, ‘त्या पत्नीशी बोलता येईल का, तयार असतील का त्या?’ मी नाही म्हटलं. ताई, मी विचारून सांगते असंसुद्धा म्हटलं नाही, सरळ नाही म्हटलं. याने काही भरून येत नाही, मला माहीत आहे. तरी तुला कळावं म्हणून लिहिलं.

दाढीवाल्यांना आमच्याकडून मशीन देता येईल. भावोजींनाही. फुकट. तू फक्त हो म्हण.

एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल. काहीच न येणं मला सोसत नाही.

तुझी,
शेंडेफळ

९ मे

लिहिणार नव्हते. मशीनचं वाचलं म्हणून बसले.

दाढीवाल्यांचं सामान निघालं त्या दिवशी हे खिडकीत उभे होते. एकही माणूस मदतीला आला नव्हता. हे खाली गेले, कपाट धरू लागले, तर दाढीवाले म्हणाले, ‘राहू दे, तुझं नाव माझ्याबरोबर नको यायला.’ ओठांवरून ह्यांना कळलं. वर येऊन मला विचारलं, ‘ह्याने खरंच कोणाला सांगितलं असेल का गं?’ माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, त्याने नाही सांगितलं, मी धाकटीला सांगितलं, आणि तिने छापलं. तो दुसऱ्या बंदरातला माणूस म्हणजे तुम्हीच, आणि खांद्याची खूणही तिचीच.

ह्यांनी जाऊन दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, पेपर घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. ‘हा मी आहे,’ म्हणाले. साहेबांनी विचारलं, मग पास कसे झालात? ह्यांनी सांगितलं, नशीब. खांद्याचं बोलले नाहीत. तुझी नोकरी त्यांच्यामुळे जाऊ नये म्हणून बोलले नाहीत, एवढं तरी लक्षात ठेव. साहेबांनी माणुसकी म्हणून फाटकावर वही देऊ केली, ती ह्यांनी घेतली नाही. म्हणाले, ‘दोन वर्षं वर चढताना रोज खालची माणसं मोजायचो मी. आता नाही मोजावी लागणार.’

दाढीवाल्यांना क्रेन परत मिळाली नाही. मिळणार कशी, कान त्यांचेही गेलेलेच. फक्त लोक पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागले, आणि आमच्याशी बोलायचे थांबले. आम्ही लेकीच्या गावाला दोन खोल्यांत आलोय. ती रोज येते, बापासमोर बसते, तोंड मोठं करून हळूहळू बोलते. हे तिच्याकडे बघतात, हसतातसुद्धा.

माझ्याकडे बघत नाहीत. हे भांडले असते तर मीही भांडले असते गं, आवाज चढवला असता, रडले असते. पण हे भांडतच नाहीत. मी बोलायला लागले की खुर्ची खिडकीकडे वळवतात. मग मी काहीही म्हटलं तरी ते नुसतं खोलीतच राहतं. अठ्ठावीस वर्षांत चूक झाली म्हणायची पाळी पहिल्यांदा माझ्यावर आली, आणि म्हणायला समोर कोणी नाही.

मशीन पाठव. दोन पाठव, एक दाढीवाल्यांना. टपालाने पाठव, स्वतः येऊ नकोस. कसं लावायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून आत ठेव, माझ्याकडून हे शिकणार नाहीत.

आणि उत्तर लिहू नकोस. तू लिहिलंस तर मी वाचेन, आणि वाचलं की मला पुन्हा तुला सगळं सांगावंसं वाटेल.

ताई